छगन, तुला मी पाटील केलं

तू गेल्यापासून लोक माझे आभार मानायलेत, छगन, आणि मी ते घेतोय.

दुकानात येतात. तुमच्या पेढीवरची माणसं येतात, वाशीतली येतात, आपल्या वर्गातले काहीजण येऊन गेले. औषधाच्या काउंटरला रेलून म्हणतात, "मल्लिनाथ, तू होतास म्हणून निदान धाराशिवला पोचला तरी. न्हायतर पारध्याला कोण आपल्या गाडीत घालतंय?" मी मान हलवतो आणि गोळ्यांची पाकिटं उगाच सरळ करत राहतो. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, दोस्ती असावी तर अशी. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. आता सगळ्यांनी ठरवलंय की शाळेच्या अंकात तुझ्यावर चार शब्द यावेत आणि ते मीच लिहावेत.

मी कमी बोलणारा. तू म्हणायचास, "मल्ल्या, तुझ्या तोंडातून शबुद काढायचा म्हंजी बिळातून घोरपड वढायची. शेपूट हातात येतंय, घोरपड आतच." आज ओढून बघतो. अंकवाले छापतील का नाही, त्यांचं ते बघतील.

तू पारधी, मी लिंगायत. तुझी पेढी वाशीबाहेरच्या माळाला. पेढी म्हणजे तुमची वस्ती, हे इकडं लहान पोरालाही माहीत असतं, आणि त्या शब्दाच्या मागं लोक आणखी काय काय धरून चालतात ते तुला मी काय सांगू. माझं घर पेठेत, दुकानाच्या वर. आपण भेटलो शाळेत, एका बाकावर, ते सुद्धा गुरुजी उंचीनं बसवायचे आणि आपण दोघं सारखेच बुटके होतो म्हणून.

आपलं भांडण त्या बाकावरच सुरू झालं. नवीन गुरुजी आले होते. हजेरी घेता घेता त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पवार, कुठले रे तुम्ही?" मी बाकाखालून तुला चिमटा काढला. तू उभा राहिलास आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालास, "पेढीवरचा." झालं. पुढच्याच आठवड्यात कुणाचा तरी कंपास हरवला आणि पहिलं दप्तर तुझं झाडलं. घरी जाताना चिडलो होतो तो मीच. म्हणालो, "गप बसला असतास तर काय बिघडलं असतं? पवार तर पाटलांतसुद्धा असतात. देवानं आडनावच असं दिलंय की कुणाला कळायचं नाही."

"देवानं न्हाय दिलं," तू म्हणालास. "पळता पळता आज्यानं कुठंतरी उचललंय. पर मी पाटील न्हाय ना. मग गप कशापायी बसू?"

यावर आपण आयुष्यभर भांडलो. तू पोराच्या दाखल्यासाठी तहसीलला गेलास तेव्हा, मुलीचं सोयरिकीचं चाललं होतं तेव्हा, बार्शीला तुला कुणी खोली भाड्यानं देईना तेव्हा. दर वेळी मी म्हणायचो, सांगतोस कशाला. दर वेळी तू म्हणायचास, लपवू कशाला. मला वाटायचं मी व्यवहाराचं बोलतोय आणि तू हट्टाचं.

पुढं तू राखण धरलीस. ज्याला चोर म्हणायचं त्यालाच राखणीला ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. पारधी राखणीला असला की दुसरा कुणी शिवाराकडं फिरकत नाही, असं आमचे वडील म्हणायचे, आणि सोयाबीनच्या गंजीवर तुला झोपवायचे. गिऱ्हाईक असलं की तू मला 'मालक' म्हणायचास आणि गिऱ्हाईक गेलं की 'मल्ल्या'. हे आपण कधी ठरवलं नव्हतं. तू आपोआप करायचास आणि मी ते चालू द्यायचो.

माझ्या छातीत दुखलं तेव्हा तू दुकानातच होतास. पायरीवर बसून चहा पीत होतास. मी पित्ताची गोळी काढून तोंडात टाकली होती. तू माझ्या कपाळाकडं बघितलंस आणि म्हणालास, "मल्ल्या, ह्यो घाम उन्हाचा न्हाय. उठ." त्यानंतर सगळं किती भराभर झालं! आमच्या डॉक्टरांनी सोलापूरला फोन केला. पुतण्यानं गाडी काढली. वाटेतच पॉलिसीचा नंबर सांगून झाला. पोचलो तर चाकाची खुर्ची दारात तयार, आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढणारा माणूस उभा. कुणी मला विचारलं नाही की तुम्ही कुठल्या गल्लीत राहता, किती पिता, अंगावर हा व्रण कशाचा. डॉक्टर हातात हात घेऊन म्हणाले, "काळजी करू नका शेटजी, वेळेत आलात." मांडीतून नळी घातली, स्टेन्ट बसवला, आणि दिवस मावळायच्या आत मी डोळे उघडून मोसंबीचा रस पीत होतो.

तू बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसून होतास. बाकडी रिकामी होती, तरी फरशीवर. घरी सोडेपर्यंत तू हलला नाहीस. एकदा सिस्टरनं विचारलं, "हे कोण, काका?" मी म्हणालो, "आमच्याकडचा माणूस." तू माझी चादर घडी करत होतास. तुझे हात थांबले नाहीत. वाशीला आल्यावर मला राहवलं नाही. विचारलं, "राग आला का रे?" तू म्हणालास, "कशाचा? माणूस म्हणलास की. एवढं तरी कोण म्हणतंय." आणि हसलास. मी पण हसलो. त्या हसण्यावर विषय संपला असं मी धरून चाललो.

यंदा सोयाबीन निघाल्यावर तू चिठ्ठी घेऊन दुकानात आलास. गावातल्या एका डॉक्टरला दाखवून आला होतास. छातीत भरल्यासारखं होतंय म्हणून. आणि नेहमीसारखी तू त्याची नक्कल करून दाखवायला लागलास.

"शर्टावरनंच नळी लावली गड्यानं. म्हणला, कुठला? म्हणलं, पेढीवरचा. म्हणला, रात्री किती घेतली? म्हणलं, साहेब, म्या पीत न्हाय. म्हणला, पारधी आन पीत न्हाय?" एवढं सांगून तू त्याच्यासारखा भुवया उडवून हसलास. "मग म्हणला, गॅस हाय. ही घे चिठ्ठी."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं पण हसली. मी चिठ्ठी वाचली. गॅसच्याच गोळ्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हात दुखतोय का?"

"डावा जरा ठणकतोय. पोती उचलली ना."

"घाम येतोय?"

"येतोय की. राखणीवर काय पंखा लावलाय व्हय?"

छगन, मला कळलं होतं. ज्याची स्वतःची छाती एकदा तशी दुखली त्याला ते कळतंच. तू माझं ओळखलंस ते चहाचा कप हातात असताना, न शिकता. मी औषधाच्या दुकानात आयुष्य घालवलं, आणि गोळ्या पाकिटात घालून तुझ्या हातात दिल्या. म्हणालो, "डॉक्टरनं बघितलंय ना मग." मागं गिऱ्हाईक उभं होतं. आणि खरं सांगू का, पेढीवरच्या माणसाची पट्टी काढायला पाठवायची आमच्याकडं कुणाला सवयच नाही. त्याला गोळी द्यायची, सुई द्यायची, आणि मार्गी लावायचं. डॉक्टर तेच करतात आणि आम्ही दुकानवाले पण. तू माझा दोस्त होतास, तरी त्या क्षणी माझा हात सवयीनंच चालला.

मग एका सकाळी शेवंतावहिनींचा फोन आला. मी गाडी घेऊन पेढीवर आलो. तू बाजेवर बसला होतास, पिवळाफटक. वहिनी गाडीत बसायला निघाल्या, तर मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही मागून या. मी आधी दाखल करतो." त्यांनी माझं ऐकलं. त्या माझं कायम ऐकायच्या.

रस्त्यात येरमाळ्याच्या पुढं मी गाडी कडेला घेतली. पिशवीतला माझा इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला आणि तुला घालायला लावला. रुमाल ओला करून तुझं तोंड पुसलं, केसावरनं कंगवा फिरवला. तू श्वास घेता घेता म्हणालास, "मल्ल्या, मला मरायला न्यायलास का सोयरीक जमवायला?"

"गप बस. या वेळी मी बोलणार. तू तोंड उघडू नकोस."

येडशी आली. रामलिंगाच्या वळणावर माकडं रस्त्यात बसली होती. तू काचेतून जंगलाकडं बघत होतास. "आमचा आजा ह्या रानात तितरं धरायचा," म्हणालास. "मग ह्याचं अभयारण्य झालं. रान हुतं तिथंच राहिलं, आजा तेवढा चोर झाला." छातीवर हात दाबून तू हसत होतास. मला हसू आलं नाही. मी मनात वाक्यं जुळवत होतो.

धाराशिवच्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथले मोठे डॉक्टर माझ्या ओळखीचे, आमच्या सोयऱ्याधायऱ्यांतले. त्यांनी विचारलं, "कोण हे?" मी म्हणालो, "आमच्या शेजारचे. छगनराव पवार." त्यांनी विचारलं, "पवार पाटील का?"

मी हसलो. हो म्हणालो नाही. नुसता हसलो, आणि पत्त्याच्या जागी माझ्या गल्लीचा पत्ता सांगितला.

आणि छगन, त्याचा उपयोग झाला. मला झोपू देत नाही ते हेच. लगेच खाट मिळाली. लगेच पट्टी काढली. शर्टाची बटणं हळूच काढून तुझ्या छातीला नळी लावली. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. सिस्टर तुला 'पाटील काका' म्हणायला लागली. "पाटील काका, दुखतंय का आता? पाटील काका, पाणी देऊ?" तुझ्या तोंडावर जरा रंग आला. सिस्टर लांब गेली तसं तू डोळे मिटूनच म्हणालास, "मल्ल्या, पाटलाच्या काळजाची लई काळजी घेत्यात रे."

मला वाटलं, भांडण मी जिंकलो. अगदी हेच वाटलं. बघ, गप बसलं की काय होतं ते, असं मी तुला म्हणालोसुद्धा.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता ठीक आहेत, पण अँजिओग्राफी करावी लागेल, बहुतेक स्टेन्ट लागेल. "सरकारी योजनेत बसवून टाकू. खाली आरोग्यमित्राकडं कार्ड द्या, मंजुरी आली की करून घेऊ." कार्ड तुझ्या चंचीत होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्याच्यावर पेढीचा पत्ता होता. मी ते घेऊन खाली गेलो. योजनेच्या टेबलापाशी डॉक्टर कुणाशी तरी बोलत उभे होते. मी तिथून तसाच वळलो, आणि वर येऊन सिस्टरला सांगितलं, कार्ड घरी राहिलंय, उद्या आणतो.

तू सगळं बघत होतास. म्हणालास, "दे की कार्ड. काय हुईल? लई तर पाटलाचा परत पारधी हुईन."

"उद्या देतो. डॉक्टर नसताना देतो."

"तुला कशाची भीती वाटायलीय, मल्ल्या? माझी का तुझी?"

मी म्हणालो, तुझीच. त्यांना कळलं तर तुझ्याकडं कोण बघणार नाही, म्हणून. मोठ्या आवाजात म्हणालो, म्हणजे माझं मलाच खरं वाटलं. आज सांगतो: तुझी नव्हती. मला डॉक्टरांच्या तोंडाची भीती होती. पुढच्या लग्नात, पुढच्या कार्यात ते चारचौघांत म्हणतील, मल्लिनाथनं पारध्याला पाटील म्हणून आमच्या आयसीयूत घातलं. मी खोटा ठरेन. पैसे मला भरता आले असते, हेही सांगून टाकतो. मनात येऊन गेलं. पण शेजाऱ्यासाठी एवढे कशाला भरताय, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून तेही मागं सारलं. आणि डॉक्टर म्हणालेच होते, आता ठीक आहेत. ते वाक्य मी रात्रभर पांघरून झोपलो.

त्या रात्री झोपायच्या आधी तू माझा फोन मागितलास आणि वहिनींशी तुमच्या भाषेत बोललास. थोडंच. मी विचारलं, काय म्हणालास. "म्हणलं, आलीस तर गेटाच्या आत येऊ नको. हितं मी पाटील हाय. तू आलीस तर तुझं लुगडं बघून वळखतील." आणि परत हसलास. तुझं ते हसू मी आयुष्यभर माझ्या सोयीनं वाचलं. वाटायचं, याला काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्ड दिलं. टेबलावरच्या मुलीनं एकदा कार्ड बघितलं, एकदा संगणकात. म्हणाली, "काका, इथं पवार पाटील म्हणून दाखल आहेत, पत्ता वाशीच्या पेठेतला. कार्डावर पारधी पेढी. हा पेशंट तोच कशावरून?" मी म्हणालो, तोच आहे. ती म्हणाली, "दुसऱ्याचं कार्ड वापरतात हो लोक. पडताळणीला पाठवावं लागेल." तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पारधी म्हणून आला असतास तर निदान पारध्याच्या कार्डावरचा पारधी तरी असतास. मी तुला पाटील केलं आणि तू तुझ्याच कार्डाचा चोर झालास.

वर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "डॉक्टर, मी खोटं बोललो. हा छगन पवार, पेढीवरचा, माझा शाळेपासूनचा दोस्त." तेवढं बोललो असतो तर त्यांनी खाली फोन केला असता. पण सकाळचा राउंड झाला, दुपार झाली. ते दोनदा माझ्या समोरून गेले. एकदा तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आलं का मंजुरीचं?" मी म्हणालो, "येईल."

आणि त्या दुपारी मी चहाला खाली उतरलो तेव्हा गेटाच्या बाहेर, शहाळ्याच्या गाड्यापलीकडं, वहिनी बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढून, भिंतीला टेकून. मला बघून उठल्या. माझ्याशेजारी त्या डॉक्टरांचा कंपाउंडर चालत होता. मी फोन कानाला लावला. फोनवर कुणी नव्हतं. त्यांच्या समोरून गेलो, चहा पिऊन परत आलो, तरी त्या उभ्याच होत्या. त्यांनी हाक मारली नाही. तू त्यांना सांगितलं होतंस म्हणून मारली नाही, हे मला माहीत होतं. लिहायला बसल्यापासून मी या गेटापाशी येतोय आणि परत वळतोय. हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोलाही नाही.

छातीतलं दुखणं परत आलं तेव्हा मी तुझ्याजवळ होतो. तू माझं मनगट धरलंस. डोळे उघडे होते. तू बोलायला लागलास, आणि तुमच्या भाषेत बोललास. तुटक नव्हतं ते. नीट, सावकाश, आमच्या गंजीवरचं काही समजावून सांगायचास तसं. मी म्हणालो, "छगन, मराठीत सांग. मला कळंना." तू परत तेच बोललास. मग सिस्टर धावत आली, पडदा ओढला, मला बाहेर काढलं.

आमच्या घरात कानडी. आई उमरग्याकडची, तिला शेवटपर्यंत मराठी नीट आलं नाही. तू तिच्याशी कानडी बोलायचास. पायरीवरनं ओरडायचास, "अव्वा, ऊटा आयता?" जेवलीस का म्हणून, आणि ती आतून भाकरी घेऊन यायची. कधी शिकलास, कुणी शिकवलं, मी विचारलं नाही. शाळेपासून तुझ्याबरोबर होतो, आणि तुझ्या भाषेतलं पाणीसुद्धा मला माहीत नाही.

मी गेटाकडं गेलो. वहिनींनी माझं तोंड बघितलं आणि खाली बसल्या. त्या तुमच्या भाषेत रडायला लागल्या तसा वॉचमन काठी आपटत आला, "ए, इथं नाय. पलीकडं जा." मी म्हणालो, पेशंटच्या घरच्या आहेत. "कुठल्या पेशंटच्या?" मी म्हणालो, "छगन पवारच्या." तो म्हणाला, "ते पाटील?" तेवढ्यात डॉक्टर खाली आले होते. त्यांनी वहिनींकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळू आवाजात म्हणाले, "मल्लिनाथराव, आधी सांगायचं ना." 

आधी सांगितलं असतं तर काय केलं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी मला सांगितलं नाही. वेळेत स्टेन्ट बसला असता तर तू वाचला असतास का, हेही त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, असं छातीठोक सांगता येत नाही. कदाचित तू माळावरून आलास म्हणून त्यांनी तुला तसंच वागवलं असतं जसं गावातल्या डॉक्टरनं वागवलं. कदाचित नसतंही. ते बघायची संधी मी त्यांनाही दिली नाही.

काल मी पेढीवर आलो होतो. तुझे दिवस होऊन गेल्यावर. तुझ्या भावकीतली माणसं उठून उभी राहिली, बाज झटकून मला बसायला दिली. कुणीतरी म्हणालं, "मालकानं लई केलं." मी म्हणालो, वहिनींशी बोलायचंय, आणि सगळ्यांसमोरच बोलायचंय. मग सांगितलं. गोळ्यांचं, शर्टाचं, पाटील म्हणून हसलो त्याचं, कार्डाचं. फोन कानाला लावला होता त्याचंही. मला वाटलं होतं शिव्या देतील, अंगावर येतील. एक म्हातारा तंबाखू मळायचा थांबला, एवढंच.

मग वहिनींनी विचारलं, "शेवटाला काय बोलला?"

"बोलला," मी म्हणालो. "तुमच्या भाषेत."

"काय?"

"मला कळलं नाय, वहिनी."

त्या पुढं सरकल्या. "आवाज कसा हुता, सांगा. थोडं सांगा. म्या वळखते."

मी आठवायचा प्रयत्न केला. तोंडातून काहीतरी काढलं. ते कशासारखंच नव्हतं. मागं एक पोरगी फिसकन हसली आणि तिला कुणीतरी दटावलं. मग वहिनी स्वतःच एकेक बोलायला लागल्या. एक वाक्य म्हणायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. "असं हुतं?" मी मान हलवायचो. दुसरं म्हणायच्या. "मग असं?" कधी तुझ्या पोराचं नाव त्यात यायचं, कधी त्यांचं स्वतःचं. एका वाक्याला त्यांचा आवाजच बदलला. ते वाक्य म्हणून त्या थांबल्या, माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, आणि मला कळलं की हे असावं असं त्यांना वाटतंय.

हो म्हणणं एवढं सोपं होतं, छगन. त्यांना आयुष्यभर पुरलं असतं. मी तुझ्यासाठी इतकं खोटं बोललो, हे एक आणखी, आणि हे तरी कुणाच्या भल्याचं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुला मी एकदा नको ते नाव दिलं होतं. आता तुझ्या तोंडी शब्दही मीच घालू का?

"सांगता येत नाय, वहिनी," मी म्हणालो. "असंल. नसंल. मला खरंच माहीत नाय."

त्या उठल्या. पदर खोचला. रागानं नाही, एखाद्या पोराला साधी गोष्ट समजावून सांगावी तशा म्हणाल्या, "मग मला बोलवायचं हुतं की, मालक. म्या हुते की तिथंच."